दोन शेवभाजी, जैन

शेवभाजीत असं असतं तरी काय? बेसनाची शेव आणि रस्सा. पण मोठ्या रस्त्यावरच्या त्या हॉटेलातली शेवभाजी पहिल्यांदा खाल्ली तेव्हा माझी साठी उलटली होती, आणि खरं सांगते, मी वाटी बोटानं पुसून खाल्ली.

आमचं घर शिरपूरचं, जैनाचं. कांदा, लसूण, आलू हे ना माहेरी कधी शिजलं ना सासरी. म्हणून हॉटेलात टेकल्याबरोबर आमचे हे आधी सांगायचे, "जैन पाहिजे बरं." वाढपी आत ओरडायचा, "दोन शेवभाजी, जैन!" दिवस बुडायच्या आत जेवायचं, म्हणून आम्ही पाच वाजताच जाऊन बसायचो. महिन्यातून एकदा तरी व्हायचंच.

घरी माझी मोठी नणंद. त्यांना आम्ही आक्का म्हणतो. ऐंशीला आल्या आहेत आणि नियमाच्या अशा पक्क्या, की बाहेरचं पाणीसुद्धा घेत नाहीत. एकदा आम्ही हॉटेलातून आलो तर म्हणाल्या, "तुमी दोघं मजा करून येता, अन् मी इथं खिचडी खात बसतो. घरी करून पाह्य ना वं. आपल्या हातचं मले चालते."

"कर, कर," हे लगेच म्हणाले. "जीपचं भाडं वाचते अन् हॉटेलचं बिलही."

बिलाचं मला काय एवढं नव्हतं, पण आक्कांनी तोंडानं काही मागितलं ते कितीतरी वर्षांनी. मी ठरवलं, तीच भाजी त्यांच्या ताटात वाढायची.

पहिल्यांदा खोबरं भाजलं, तीळ, खसखस घातली. रंग बरोबर आला, चव भरल्या वांग्याची. मग टोमॅटो वाढवले, तर आंबट. शेव रश्श्यात उकळली, तिचं पिठलं झालं. तेव्हा कळलं की शेव ताटात घ्यायची आणि रस्सा वरून ओतायचा. आल्याच्या जागी सुंठ घातली. दाटपणा काही येईना, म्हणून दुधी किसून तेलात चांगला तपकिरी होईपर्यंत परतला. तो मात्र जमला हो! पण हॉटेलातल्या रश्श्यात तिखटाच्या मागून एक गोडवा यायचा, तो कशाचा? साखरेचा तर नव्हता. मी गूळ टाकून पाहिला, तर हे म्हणाले, "ही भाजी हाये का लाडवाचा पाक?"

आक्का दर वेळी पोळी मोडून खायच्या आणि विचारायच्या, "हेच काय वं ते?"

"नाही आक्का, अजून काहीतरी राहिलं."

"मंग त्या हॉटेलच्या आचाऱ्यालेच विचारून ये ना. लाजतं काहून?"

गेले. हॉटेलाच्या मागच्या दारानं थेट स्वयंपाकघरात. आचारी मोठ्या गंजात झारा फिरवून राह्यला होता. मी म्हटलं, "भाऊ, तुमच्या जैन शेवभाजीत हा गोडवा कशाचा?"

"जैनचा गंज काही येगळा नाही, मावशी. रस्सा एकच. जैन म्हटलं का मी वरून चिरलेला कांदा टाकत नाही."

"अन् खाली?"

"खाली तं कांदाच हाये ना! लाल होईस्तोर भाजलेला. त्याच्याबिगर गोडवा येते काय?" तो हसला. मग माझ्याकडे पाहिलं आणि त्याचा झारा थांबला. "मावशी... तुमी खाल्ली का?"

"तीन वर्षं," मी म्हणाले.

राग यायला पाहिजे होता. येत होताही. पण जीपमध्ये बसल्यावर डोक्यात भलतंच सुरू झालं. कच्च्या कांद्याचा वास मी बाजारात लांबून ओळखते, नाकाला पदर लावते. मग तोच कांदा भाजला की इतका बदलतो कसा? मला तीन वर्षं पत्ता लागू नये?

घरी आक्का ओट्यावर बसून वाटच पाहत होत्या. "सांगितलं का त्यानं?"

बडीशेप म्हणून खोटं सांगता आलं असतं. पण मग बडीशेप घालून भाजी करावी लागली असती, आणि त्यांनी पुन्हा पोळी मोडली असती. मी सगळं खरं सांगून टाकलं.

आक्कांनी दोन्ही हात कानाला लावले. मग म्हणाल्या, "तुमाले दोघाइले प्रायश्चित्त घ्या लागते. महाराज आले का विचारू."

"हो, आक्का."

"अन् मले काही ते आता खायाले भेटत नाही."

"नाही, आक्का."

त्यांनी दाराकडे पाहिलं. हे बाहेर गेलेले होते. आक्का माझ्याजवळ सरकल्या आणि आवाज बारीक करून म्हणाल्या, "मंग सांग. भाजलेला कांदा लागते कसा? घाई करू नको, अन् काही सोडू नको."

मीही मांडी घालून बसले आणि जिभेवर आधी काय येतं, तिथून सुरुवात केली.