हरभऱ्याएवढा चंद्र

मार्गशीर्ष वद्य प्रतिपदा, रविवार. आज दुर्बिणीच्या बुडाचे तीन बोल्ट बदलले. काम दोन वर्षांपूर्वीचं. नवे बोल्ट अण्णांनी तेव्हाच कापून दिले होते. अण्णा जाऊन आता दोन महिने झाले.

कमरीपेठेत त्यांचं लेथचं दुकान होतं. उजव्या अंगठ्याचं नख त्यांनी मुद्दाम वाढवलेलं. डोळे मिटून ते बोल्टच्या आट्यांवरून नख फिरवायचे आणि कुठे चुकलंय ते सांगायचे. मी मापाचा कागद पुढे केला, तर तो बाजूला सारला. "कागद नको अक्का, वस्तू आणा."

मग दुर्बीण आणि कॅमेरा रिक्षात घालून नेले. लेन्स काढून कॅमेरा थेट दुर्बिणीला लावायचा, तर मधे रिंग हवी. ती त्यांनी दोन दिवसांत केली. मी घाईने फिरवायला लागले, तशी हातातून काढून घेतली. "गडबड माडब्याडरी! घाई नको. आधी उलटी फिरवा. टक् झालं की मग सुलटी. नाहीतर आटे मरतात." लोणच्याच्या बरणीचं झाकण मी अजून तसंच लावते.

रिंग बसली, पण चित्र स्पष्ट होईना. डोळा लावायची नळी पार आत ढकलली तरी चंद्र म्हणजे पिठाचा गोळा. दुकानाच्या सुट्टीला अण्णा स्वतः नवनगरला माझ्या घरी आले. त्रयोदशीचा चंद्र उन्हं असतानाच वर आला होता. त्यांनी कॅमेरा काढायला लावला आणि नळीच्या तोंडातून बटर पेपरचा तुकडा आत-बाहेर सरकवत राहिले. एका जागी कागदावर चंद्र लख्ख उमटला, हरभऱ्याएवढा.

"हे बघा, चित्र नळीच्या आतच पडतंय. तुमचा कॅमेरा तिथवर पोचत नाही."

"मग नळी कापा अर्धा इंच."

"कापलेलं परत वाढवणार कोण? तुम्ही? बुडाचा आरसा वर उचला, चित्र आपोआप बाहेर येईल." आणि त्यासाठी तीन लांब बोल्ट दिले.

ते लावायला मला वेळ झाला नाही. शाळा, परीक्षा, सासूबाईंचं आजारपण. बाजारात गेले की अण्णा विचारायचे, "चंद्र आला का?" शेवटी लाज वाटून मी "आला" म्हटलं. त्यांनी फोटो मागितला. मी इंटरनेटवरचा छापून नेला.

अण्णांनी तो बराच वेळ धरला. चंद्राच्या कडेवरून नख फिरवलं.

"कॅमेऱ्यातली चित्र टिपणारी पट्टी टपालाच्या तिकिटाएवढी, चंद्र हरभऱ्याएवढा. बाजूला भरपूर जागा उरायला पाहिजे. इथं चंद्र काठाला टेकलाय." मग फोटो माझ्या पिशवीत ठेवला. "सवडीनं लावा बोल्ट."

पुन्हा त्यांनी कधी विचारलं नाही. मीही त्या गल्लीतून जायचं टाळत राहिले.

वद्य द्वितीया, सोमवार. आज उजाडताना चंद्र पश्चिमेला होता. रिंग आधी उलटी फिरवली, टक् झाल्यावर सुलटी. नळी हळूहळू बाहेर घेतली आणि चंद्राची कड धारदार झाली, तसा फोटो काढला. शाळेला अर्धा दिवस रजा टाकून स्टुडिओ उघडायची वाट बघितली. तिथला माणूस म्हणाला, "मॅडम, बाजूचं कापून मोठा करून देतो."

"काही कापू नका."

कमरीपेठेत अण्णांच्या बायकोने फोटो हातात घेतला. "एवढासाच?"

"हो. अण्णांच्या मापाचा आहे."