कर्णिकांचा चिनी सेनापती

कुवेतात होते तोवर कर्णिक लिफ्टमध्येसुद्धा भिंतीला पाठ लावून उभे राहायचे. "पाठ उघडी ठेवायची नाही," म्हणायचे. तिथल्या महबूल्या भागात आमच्या वरच्या मजल्यावर राहणारा, माझ्याच हॉस्पिटलात एक्स-रे काढणारा हा सज्जन माणूस अडीच हजार वर्षांपूर्वीच्या एका चिनी सेनापतीच्या नादी लागला होता. त्याचं युद्धावरचं पुस्तक कुठल्याशा मॅनेजमेंटच्या शिबिरात यांच्या हाती पडलं आणि आमच्या डोक्याला ताप झाला.

शर्कच्या मासळीबाजारात पापलेटाचा भाव ऐकला की हे पाठ फिरवून चालू लागायचे. "आपल्याला गरजच नाही असं शत्रूला वाटलं पाहिजे!" मी आणि त्यांची बायको वैशाली रिकाम्या पिशव्या धरून उभ्या. तोवर पापलेट दुसरंच कोणी घेऊन जायचं, आणि हे त्यालाही विजय म्हणायचे. पार्किंगच्या जागेला ते रणांगण म्हणायचे. जिथल्या म्हाताऱ्यांनी खरं युद्ध दारात पाहिलंय, त्या शहरात! मला संताप यायचा.

एवढं हसण्यावारी नेलं असतं. पण त्यांच्या सईने पुण्यात स्वतःच लग्न ठरवलं आणि मग फोनवर कळवलं, तेव्हा कर्णिकांनी अबोला धरला. "जो आधी बोलतो तो हरतो, ताई." मुलगीही त्यांचीच, तिनेही त्यांना फोन करणं सोडलं. लग्न पंधरा दिवसांवर आलं. वैशाली माझ्या स्वयंपाकघरात डोळे पुसायची आणि हे वर शत्रू शरण येण्याची वाट बघत बसलेले.

शेवटी वैतागून मी ते पुस्तक मागून आणलं आणि सबंध वाचलं. कर्णिकांच्या खुणा फक्त डावपेचांवर होत्या. बाकीच्या पानांत तो सेनापती मला वेगळाच दिसला. त्याला लढाईची हौस नव्हती. लढाई लांबली की जिंकणाराही भिकेला लागतो. टळत असेल तर टाळा, नसेल तर लवकर मिटवा, हे तो परोपरीने सांगत होता. इतकी शतकं लोकांनी त्याचे डाव तेवढे उचलले आणि काळजी तिथेच सोडली. शिवाय सगळं पुस्तक शत्रूबद्दल होतं. पोटच्या पोरीबद्दल त्यात अवाक्षर नव्हतं.

वर जाऊन मी हे त्यांना सुनावलं. "अहो, त्याला घरात कशाला आणलात?"

कर्णिक म्हणाले, "म्हणजे तह करायचा म्हणता?"

"तह कसला डोंबलाचा! पोरीला फोन करा."

त्यांनी लावला. तिने लगेच उचलला. "बाबा? इज एव्हरीथिंग ओके? आई बरी आहे ना?"

"बरी आहे," कर्णिक म्हणाले. "मी... मी लग्नाला आलो तर चालेल का गं?"

पलीकडून शब्द येईना, नुसते हुंदके. कर्णिकांनी फोनवर हात ठेवला आणि भेदरून माझ्याकडे पाहिलं.

"ताई, ती रडतेय. आता काय करायचं?"

"तुम्हीही रडा," मी म्हटलं. "पण फोन ठेवू नका."