एचआरशी बोलणी

माझी पुतणी इंजिनिअर झाली आणि रांजणगावच्या एका कंपनीनं तिला नोकरी देऊ केली. अट एकच: डिग्रीचं मूळ सर्टिफिकेट कंपनीकडे जमा करायचं, दोन वर्षं परत मागायचं नाही. तिला तर पुढच्या वर्षी एम.टेक.ला जायचं होतं. कागद अडकला की पोरगी अडकली.

ती सल्ल्याला माझ्याकडे आली. घरात कायदा मला कळतो असा समज आहे, कारण बांधाच्या एका दाव्यात साक्षीदार म्हणून मी दौंडला कोर्टाच्या व्हरांड्यात बरीच वर्षं बसलोय. आत कधी बोलावलंच नाही. तरी चष्मा लावून मी कराराचा इंग्रजी मसुदा मोठ्यानं वाचायला घेतला. दुसऱ्याच ओळीत अडलो. "बाब गंभीर आहे," म्हणालो आणि पाणी मागितलं.

तोवर आमच्या थोरल्या चुलत्यांनी, आप्पांनी, निकाल देऊन टाकला. "येवढं काय त्यात? माणसं न्या, बैठक घाला. बोलणी केल्याबिगर पोरीच्या बाबतीत कवा काय ठरतं व्हय?"

आमच्या खुटबावात बोलणी म्हटली की पाच माणसं, पाच टोप्या आणि एक जीप. कंपनीच्या गेटवर वॉचमननं विचारलं, "किधर से आये हो?"

"मुलीकडचे," आप्पा म्हणाले.

एचआरचे साहेब पंचविशीतले, गळ्यात ओळखपत्र. बिचाऱ्यांनी चहा मागवला. आप्पांनी कप बाजूला सारला. "ठरल्याबिगर चहा न्हाई. आधी सांगा, हितं आतापतूर किती पोरी आल्या आन् किती सोडून गेल्या?"

"आजोबा, ते कॉन्फिडेन्शियल असतं."

"म्हंजी लई गेल्या," आप्पा माझ्या कानात कुजबुजले. ते कँटीनपर्यंत ऐकू गेलं. मग साहेबांकडं वळून, "हे बघा, पोरगी देतो. कागद देणार न्हाई."

"पण मग मुलं मधेच सोडून जातात हो."

"नीट नांदवा, जात न्हाईत."

मी खाकरून "कायद्यानं बघायला गेलं तर…" अशी सुरुवात केली. मग चष्मा काढून पुसायला घेतला. इतका वेळ शरमेनं फरशीकडं बघत बसलेली पुतणी म्हणाली, "काका, थांबा." मग साहेबांना, "सर, मूळ सर्टिफिकेट आत्ता माझ्यासमोर तपासा, झेरॉक्स ठेवा आणि ते परत द्या. दोन वर्षांची अट काढून नोटिशीची मुदत लिहा. तरच मी सही करेन."

साहेब आत मॅनेजरकडे गेले. आले ते अट खोडूनच. शेजारी एक महिन्याची नोटीस लिहिलेली, खाली शिक्का.

"तुमच्याकडचे पंच कुठायत?" आप्पांनी विचारलं. आमच्या पाच सह्या, तर त्यांच्याही पाच हव्यात. साहेब, अकाउंट्सचे दोघं, कँटीनचा आचारी आणि शेवटी वॉचमन. सही करून त्यानं मला हळूच विचारलं, "शादी कब है?"

सर्टिफिकेटची फाइल आप्पांनी जीपमध्ये छातीशी धरली, घरी येताच लोखंडी कपाटात टाकली आणि किल्ली करगोट्याला बांधली. "आता न्या म्हणावं कुणाला न्यायचंय ते!"

पुतणी कपाटासमोर हात पसरून उभी. "आप्पा, बाहेर काढा."

"का? माझ्यावर भरवसा न्हाई?"

"हाय की. पण चेहरा तर त्या सरांचाही चांगलाच होता, म्हणून काय कागद ठेवला त्यांच्याकडं?"

आप्पांनी एकदा तिच्याकडं, एकदा माझ्याकडं बघितलं. मग किल्ली सोडली. "पोरगी तयार झाली रं," असं मला म्हणत त्यांनी सर्टिफिकेट तिच्या हातात दिलं, पण आपल्याकडचा कोपरा मात्र जरा जास्तच वेळ धरून ठेवला.