पाऊण सिनेमा

आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये महिन्याच्या तिसऱ्या शनिवारी दुपारी चार वाजता मी सिनेमा दाखवते. दाखवते म्हणजे काय, तर लॅपटॉप मोठ्या टीव्हीला जोडते, दर पंधरा-वीस मिनिटांनी सिनेमा थांबवते आणि उभी राहून आतापर्यंत काय झालं ते मराठीत सांगते. जुने इंग्रजी सिनेमे असतात. आमच्यातल्या बऱ्याच जणींना इंग्रजी वाचता येतं, पण पडद्यावरचं बोलणं पकडता येत नाही, आणि खालची अक्षरं वाचून होईपर्यंत बाई रडून मोकळी झालेली असते. मी तरी इंग्रजी कुठं शिकले? कॉलेजच्या दुसऱ्या वर्षात लग्न झालं. पुढचं जे आलं ते सिनेमे बघून आणि शब्दकोश उशाशी ठेवून. पण सांगायची हौस पहिल्यापासून. शेवटच्या रांगेत एक निवृत्त प्राध्यापक बसतात. ते म्हणतात, तुमच्याकडे सिनेमा हे मध्यंतर असतं, खेळ तुमचाच असतो. म्हणू देत. येतात ना न चुकता.

तर हे गेल्या डिसेंबरातलं. वरच्या मजल्यावर माझी चाळीस वर्षांपासूनची मैत्रीण राहते. तिची मुलगी खराडीला कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे, पस्तिशीची. कंपनीतल्याच एका माणसात तिचा जीव गुंतला. तिनं ते लपवलं नाही, नवऱ्याला सांगितलं आणि घर सोडून आईकडे आली. सात वर्षांच्या मुलाला पंधरा दिवसांत घेऊन येऊ असं तिला वाटलं होतं. सासरच्यांनी दारच उघडलं नाही. आठ महिने झाले त्याला.

आता नवऱ्याच्या वकिलाचा कागद आला होता. घटस्फोट विनातक्रार मिळेल, मुलगा मात्र कायमचा बापाकडे, आणि आईनं भेटायचं ते त्यांच्या मर्जीनं. सोमवारी अकरा वाजता कोर्टात सही करायची. मुलीचं जवळजवळ ठरलंच होतं. मला म्हणाली, पोरगा फोनवर हो-नाहीच्या पुढे बोलत नाही, मला विसरलाय, भांडून त्याचे आणखी हाल कशाला करू. आणि तिच्या आईचं तिसरंच. सहीही नको, भांडणही नको, नाक मुठीत धरून परत जा. मायलेकी एका स्वयंपाकघरात दोन वेगळ्या वेळांना जेवत होत्या.

मंगळवारी मैत्रीण माझ्याकडे आली आणि म्हणाली, या शनिवारी तो रशियन कादंबरीवरचा सिनेमा लाव. तू नेहमी सांगतेस तो. लग्न झालेली बाई लष्करातल्या अधिकाऱ्यामागे घर सोडून जाते आणि शेवटी मुलासाठी परत येते. माझं ती ऐकत नाही, पडद्यावरचं ऐकेल. खोटं कशाला बोलू, मला कल्पना आवडली.

आता माझी चूक सांगते. तो सिनेमा मी अठराव्या वर्षी पाहिला होता, पुण्याच्या कॅम्पातल्या एका थिएटरात, रविवारी सकाळच्या इंग्रजी खेळाला. घरी सांगून जायचं, ग्रंथालयात चालले. आमचे वडील बरोबर एकला पानावर बसत आणि वाढायला मी लागत असे. म्हणजे बारा-वीसची बस चुकवून चालायचं नाही. त्यामुळं मी जन्मात जेवढे सिनेमे त्या थिएटरात पाहिले ते सगळे पाऊण. उरलेला पाव मी बसमध्ये खिडकीशी बसून स्वतः पुरा करायची. या सिनेमात मी शेवटचं पाहिलं ते असं: मुलाच्या वाढदिवशी ती बाई चोरपावलांनी स्वतःच्याच घरात शिरते, पोरगं जागं होतं आणि तिच्या गळ्यात हात टाकतं. बस डेक्कनला येईस्तोवर माझं ठरलं, ती राहिली तिथंच. पुढं पन्नास वर्षं मी तोच शेवट किती जणींना सांगितला असेल, देव जाणे. कादंबरीचा मराठी अनुवाद दोनदा आणला, दोन्ही वेळा शंभराव्या पानावर परत केला. माणसं फार, आणि प्रत्येकाला तीन-तीन नावं. एरवी सिनेमा लावायच्या आदल्या दिवशी मी वही घेऊन बघून ठेवते. या वेळी बघितला नाही. पाठच होता ना.

शनिवारी तीस-पस्तीस माणसं आली. मैत्रीण पहिल्या रांगेत. तिच्या मुलीला मी आवाज नीट लावून दे म्हणून बोलावलं होतं, सिनेमा आईनं निवडलाय हेही सांगून बसले होते. ती आली, वायरी जोडल्या आणि मागे खिडकीशी जाऊन बसली. चेहऱ्यावर काही नाही. महिनाभर धड जेवली नव्हती, ते मात्र गालांवर दिसत होतं.

सुरुवात झकास झाली. बर्फ, स्टेशन, वाफेतून बाहेर येणारा तो बाईचा चेहरा. नाचाच्या वेळी बायका पुढे सरकून बसल्या. मी थांबवत होते, सांगत होते. पण जसजशी ती घर सोडायच्या दिशेनं निघाली तसतसे लोक पडद्याऐवजी मागे वळून बघायला लागले. सोसायटीत सगळ्यांना सगळं माहीत असतं. मला तेव्हा पहिल्यांदा वाटलं, आपण हे काय करून बसलो.

वाढदिवसाचा प्रसंग झाला. मी सिनेमा थांबवला आणि सांगितलं, आई आली, मुलगा किती खूश झाला बघा. त्यातलं एक वाक्य मी मुद्दाम गाळलं. तेवढ्यात खिडकीकडून आवाज आला.

"मावशी, एक राहिलं. त्याला सांगितलं होतं की तुझी आई वारली. त्यानं ते खरं मानलं नाही."

सगळ्यांच्या माना मागे वळल्या. मैत्रीण तेवढी मागे वळली नाही. मी मान खाली घालून लॅपटॉपकडे बघितलं, तर सिनेमा अजून अर्धा तास शिल्लक. परत येऊन राहायला अर्धा तास कशाला लागतो? पुन्हा सुरू केला, तर नवरा जिन्यात उभा, आणि बाई घराबाहेर. मी हळूच शेवटच्या रांगेत गेले आणि प्राध्यापकांना विचारलं, अहो, पुढे काय होतं?

त्यांनी चष्म्यावरून बघितलं. "आपण थट्टा करताय," म्हणाले. मग माझा चेहरा बघून आवाज खाली आणला. "आगगाडी."

एवढंच. मला कळायचं ते कळलं, ही बाई रुळांवर जीव देणार. पडद्यावर ती एकटी होती, तिचे डोळे कुठंच बघत नव्हते. इकडे खिडकीशी ही, गज घट्ट धरून. मी तरातरा पुढे गेले आणि वायर उपसली. पडदा काळा. म्हणाले, मशीन फार तापलंय, आज इथंच थांबू, चहा घ्या सगळ्यांनी.

मुलगी उठून पुढे आली. माझ्या हातातून वायर घेतली आणि जोडायला लागली. मी कानाशी म्हणाले, नको गं बाळा, हे बघू नकोस. ती म्हणाली, कॉलेजात असताना वाचलंय मी. माहिती आहे शेवट.

"माहीत असून आलीस?"

"आई काय दाखवायला निघाली आहे, ते बघायला आले."

म्हणजे आठ महिने अबोला, आणि त्यावर ही पोर असं समजून तीन रांगा मागे बसली होती की आईनं बोलावून, माणसं जमवून, तुझ्यासारखीचं असं होतं हे दाखवायला घेतलंय. आणि आई पुढे बसून वाट बघत होती की बाई आता घरी परत येईल.

सिनेमा सुरू झाला. रूळ, चाकं, अंधार, उजेड. मी पडद्याकडे बघितलंच नाही, दोघींकडे बघत होते. मैत्रिणीचा पदर तोंडाशी गेला. ट्यूबलाइट लागली तेव्हा तिचा चेहरा पांढरा पडला होता. मुलगी टीव्हीपाशीच उभी होती, आईकडे बघत.

"हेच दाखवायचं होतं ना?"

मग मी उभी राहिले. सवयीनं घसा खाकरला, आणि तीस माणसांसमोर सांगितलं की हिला माहीत नव्हतं. मलाच नव्हतं. मी पन्नास वर्षं ज्या सिनेमाचा शेवट सांगत आले तो मी पाहिलेलाच नाही, बस धरायला उठून जात होते. जे सांगितलं ते माझ्या मनचं. प्राध्यापकांनी चष्मा पुसायला घेतला. एरवी त्यांनी असा मोका सोडला नसता.

मुलीनं आईला विचारलं, मग तू काय दाखवणार होतीस. आई म्हणाली, ती मुलासाठी परत येते, ते.

मुलगी तिच्या शेजारच्या खुर्चीवर टेकली. हॉलमधली माणसं चहाच्या निमित्तानं बाहेर सरकली, मी वायरी गुंडाळायचं सोंग करत राहिले. मग ती बोलली, अगदी साध्या आवाजात.

"तो मुलगा विसरला नव्हता, आई. आणि त्या बाईला कोर्ट नव्हतं. मला आहे. मी सोमवारी सही करणार नाही. तिकडे परतही जाणार नाही. पोरगा मागणार आहे."

मैत्रीण उठली, चपला घातल्या आणि जिना चढून गेली. रविवारभर वरच्या मजल्यावरून मला काही ऐकू आलं नाही, आणि मी कान देऊन बसले नव्हते असं कोण म्हणेल.

सोमवारी नऊला बेल वाजली. दारात मैत्रीण, कडक इस्त्रीची साडी, खांद्याला पर्स. सिनेमाबद्दल अक्षर नाही. विचारलं, कोर्टात पाण्याची बाटली आत नेऊ देतात का. मी म्हणाले, देत असतील, मी कुठं गेले आहे. ती, बरं, म्हणाली आणि खाली उतरली. मी बाल्कनीत गेले. फाटकाशी रिक्षा उभी होती. मुलगी आत बसली होती, मांडीवर कागदांची फाइल. आई जवळ येताना दिसली तशी ती आत सरकली.