रोडेलला ऐकू आलेली घंटा

पोलादपूरच्या एसटी स्टँडवर मुंबईची गाडी लागली होती आणि मी आईला टेपरेकॉर्डरची दोन बटणं एकदम दाबायला शिकवत होतो. लाल बटण आणि त्याच्या शेजारचं, दोन्ही एकत्र दाबली तरच आवाज भरतो. ती एक दाबायची, दुसरं विसरायची. शेवटी मी पानवाल्याकडून बोटभर चुना आणला आणि दोन्ही बटणांवर ठिपके दिले. मग जमलं. पण भरलेलं ऐकलं तर त्यात नुसता तिचा श्वास. सरकारी साहेबासमोर उभं केल्यासारखी ती गप्प राहिली होती.

"आता तू बोल," ती म्हणाली.

मी बोललो. ऐकलं तर माझाही श्वासच जास्त. ती हसली. "तिकडं गेल्यावर नीट बोल रे. मी काय श्वास ऐकत बसू?"

गाडी सुटली तेव्हा ती टेपरेकॉर्डर लहान पोरासारखा कडेवर धरून उभी होती. तो घेऊन तिला आमच्या कुडपण गावापर्यंत डोंगर चढायचा होता. वडील मी शाळेत असतानाच गेले होते, त्यामुळे घरात ती, तांबू नावाची गाय आणि आता हे यंत्र. मी नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला सौदीला गेलो, तो असा.

महाडच्या वाचनालयातल्या एका स्नेह्यांनी मला फिलिपिन्सच्या आजच्या साहित्यावर लिहायला सांगितलं आहे. मी त्या लोकांबरोबर राहिलो, हे त्यांना ठाऊक आहे. मला साहित्यातलं फारसं कळत नाही. मला तिथला एक लेखक ठाऊक होता, आणि त्याची एक गोष्ट ठाऊक आहे. त्या गोष्टीने माझं आयुष्य वळलं, म्हणून तेच लिहितो.

आमचा कॅम्प दम्मामच्या बाहेर, ट्रकच्या रस्त्याला लागून होता. पत्र्याच्या खोल्या, दिवसरात्र जाणारे ट्रेलर. मी कंपनीच्या स्टोअरमध्ये होतो. रोडेलही तिथेच टायपिंगला, आणि खोलीही आमची एकच. तो मनिलापासून लांब, कुठल्याशा हमरस्त्यावरच्या गावचा. मला 'पारे' म्हणायचा, म्हणजे दोस्ता. आमचं बोलणं मोडक्या इंग्रजीत. स्टोअरच्या रद्द पावत्यांच्या पाठकोऱ्या बाजूंवर तो तगालोगमध्ये, म्हणजे त्याच्या भाषेत, गोष्टी लिहायचा. एक गोष्ट एका पावतीत बसायला हवी, फार तर दोन. आमच्याकडे आता हेच चाललंय, तो म्हणायचा. लोकांना वेळ नाही, लिहिणाऱ्यांनाही नाही, म्हणून अर्ध्या पानाच्या गोष्टी. त्याच्या गावच्या बस स्टँडवर भाड्याने मिळणाऱ्या चोपड्यांत प्रेमकथा असत. त्यांतला परदेशी गेलेला नायक शेवटच्या पानावर विमानतळाबाहेर येतो आणि नायिका धावत येते. रोडेल त्या कथांवर चिडायचा. परदेशात मोलकरणी, नर्स, खलाशी असलेली त्याची माणसं स्वतःच लिहायला लागली होती आणि त्यांच्या लिहिण्याचा एक वेगळाच प्रकार तयार होत होता. मनिलातले मोठे लोक त्याला रडगाणं म्हणत. रोडेलने स्वतःला एक नियम घालून घेतला होता: गोष्टीत माणूस घरी पोचलेला दाखवायचा नाही.

शुक्रवारी सुटी. जेवणानंतर मेसमध्ये त्याचे गाववाले जमायचे आणि एकेक जण आपलं लिहिलेलं वाचायचा. हसणं, शिट्ट्या, मधेच एखाद्याचं नाक ओढणं. मला शब्द कळत नसत, पण मी बसायचो. खोलीत एकट्याने बसण्यापेक्षा ते बरं होतं.

आता कॅसेटबद्दल सांगितलं पाहिजे. आईला लिहिता-वाचता येत नव्हतं आणि कुडपणात फोन नव्हता. तेव्हा आमच्याकडच्या कितीतरी घरांत कॅसेटच जायच्या-यायच्या. महाडच्या मोहल्ल्यातलं कोणी ना कोणी सुटीवर निघालेलं असायचंच. आमच्या कॅम्पातले हमीदभाई म्हणजे त्या सगळ्यांचं टपालखातं. त्यांच्या भावाच्या महाडातल्या दुकानात कॅसेट पोचायची, तिथून पोलादपूर, तिथून वर जाणाऱ्या कुणाबरोबर डोंगरावर. नवीन कॅसेट दरवेळी कोण घेणार? तीच परत वापरायची. आईच्या आवाजावर मी माझा आवाज भरायचा, माझ्यावर तिने तिचा. असं करून आम्ही एकमेकांना पुसत होतो, हे तेव्हा डोक्यातही आलं नाही.

मी कॅसेटवर सांगायचो की खोली थंडगार आहे, जेवण आपल्यासारखंच मिळतं, साहेब माझ्याशिवाय पान हलू देत नाही. ती सांगायची की भात बरा आला, घराला नवी कौलं घातली, तांबू व्यायली, वासराच्या कपाळावर पांढरा टिळा आहे, नाकाड शेजारणीच्या सुनेसारखं आहे. शेवटी "ठेवते आता, जेव वेळेवर," आणि खट्. मी तिथेच टेप बंद करायचो. डोळे पुसायचो, आणि हमीदभाईंचा माणूस निघायच्या आदल्या रात्री माझं भरायचो.

रोडेल मात्र तोवर ती कॅसेट मागून घ्यायचा. त्याला मराठीचा शब्द कळत नव्हता. पावत्या टाइप करताना तो हेडफोन लावून माझ्या आईला ऐकत बसायचा. आधी मला गंमत वाटली, मग जरा अवघडल्यासारखं झालं. तो म्हणाला, तिच्या आवाजाला चाल आहे.

एका शुक्रवारी त्याने मेसमध्ये एक गोष्ट वाचली आणि ऐकणारे नेहमीसारखे हसले नाहीत. एकाने माझ्याकडे पाहून मान खाली घातली. खोलीवर आल्यावर मी त्याला ती इंग्रजीत सांगायला लावली.

एक म्हातारी आणि तिचा मुलगा एकाच कॅसेटवर बोलतायत. दोघंही म्हणतात की आपण छान घरात राहतो. दोघांच्याही मागे ट्रक जातायत. मुलगा परक्या देशात रस्त्याकडेला राहतो, म्हातारी परक्या घरात, टायर दुरुस्तीच्या दुकानामागे. तो म्हणतो ठेवतो, ती म्हणते ठेवते. मग कॅसेटच्या शेवटी, जिथे कोणीच बोलत नाही, तिथे एका गाईची घंटा वाजते. ती घंटा ज्या घरची, तिथे आता कोणी राहत नाही. एवढीच गोष्ट.

मी भडकलो. म्हणालो, माझी आई डोंगरावर राहते, तिथे ट्रक चढत नाही, आणि माझ्या आईला दुसऱ्याच्या दारात बसवायचा तुला काय अधिकार?

त्याने कॅसेट लावली. आई वासराचं सांगत होती. "मागचं ऐक," तो म्हणाला. मी ऐकलं. तिच्या शब्दांच्या मागे हॉर्न होता. मग गिअर बदलत चढणारा ट्रक. मग फुस्स आणि धडधड. ती हवा भरायची मशीन, रोडेल म्हणाला. त्याच्या मामाचं तसंच दुकान होतं आणि त्याचं लहानपण त्या आवाजात गेलं होतं. आई म्हणाली, ठेवते आता. मी सवयीने हात पुढे केला. त्याने तो धरला. टेप फिरत राहिली. तिचं बोलणं संपलं तिथून पुढे माझं मागच्या खेपेचं बोलणं पुसायचं राहिलं होतं. माझ्याही मागे ट्रेलर. माझं संपलं, आणि त्यापुढे तिचं आणखी जुनं, कोणीच न पुसलेलं शेपूट आलं. त्यात वारा, आणि तांबूच्या गळ्यातली फुटकी घंटा. टण्ण न वाजता टक्क वाजणारी. हजार घंटांत ओळखली असती मी.

"मला वाटलं तुला ठाऊक आहे," रोडेल म्हणाला. "मला वाटलं तूच तिला हलवलंस."

पोलादपुरात हमरस्त्याला पंक्चरचं दुकान एकच ओळखीचं. माझी मावसबहीण शेवंता, तिच्या नवऱ्याचं. तिथून हाकेच्या अंतरावर एसटीडी बूथ होता. आईला माझ्याशी फोनवर बोलता आलं असतं. पण मग मला कळलं असतं.

"आणि ते वासरू?" मी विचारलं.

"ते तिने लिहिलंय. चांगलं लिहिते. आपल्यातली आहे."

मी त्याला म्हणालो, शेवट बदल. निदान मुलाला घरी पाठव. त्याने पावती माझ्यासमोर ठेवली आणि म्हणाला, "शेवट माझ्याकडे नाही, पारे. तुझ्याकडे आहे."

सुटी मिळणार नव्हती. करार मोडून निघालो, म्हणजे त्या कंपनीची वाट बंद करूनच. हमीदभाईंना विचारलं तर ते खाली बघत म्हणाले, तुझ्या आईने भावाकरवी शपथ घातली होती, मी काय करणार?

शेवंताच्या दुकानाशी उतरलो. आई एका जुन्या टायरवर गोणपाट टाकून बसली होती. डोळ्यांत सायीसारखा मोतीबिंदू. शेवंता तिच्याजवळ वाकून म्हणाली, "मावशे, आला गो तुझा टेपवाला."

आईने माझा चेहरा चाचपला. म्हणाली, "सुकलास. साहेब पान हलू देत नाय म्हणालास नि सोडलान कसा?"

मी विचारलं, का लपवलंस? ती पडली होती. पावसात मागची भिंत बसली होती. तांबू शेजाऱ्यांना दिली होती. हे सगळं शेवंताने सांगितलं, आईने नाही. ती एवढंच म्हणाली, "तू थंडगार खोलीत होतास. म्हटलं मी पण कौलं घालून घेते."

मग तिने विचारलं, "तुला सांगितलान कुणी?"

"माझ्या खोलीतल्या फिलिपिनोनं. कॅसेट ऐकून."

"त्याला आपली बोली येते?"

"नाय."

तिने मशीनच्या धडधडीकडे कान दिला. "मग त्याला कसा कळला, नि तुला नाय?"



मग मी प्रायश्चित्त घ्यावं तसं घर बांधायला घेतलं. कुडपणात भिंत उभी केली, खरीच नवी कौलं घातली, तिचे डोळे करून घेतले. महाडच्या एमआयडीसीत एका कारखान्यात स्टोअरला लागलो. दर रविवारी वर जाऊन जे मोडलं होतं ते जसंच्या तसं उभं करत होतो. तांबू परत आणली, घंटेसकट. मग आईला डोलीतून वर नेलं. ती घरभर फिरली, भिंतीवरून हात फिरवला. चांगलं केलंस म्हणाली.

पुढच्या रविवारी गेलो तर ती अंगणात गाठोडं बांधून बसलेली.

"मला खाली सोड रे."

मी समजावलं. तिचं घर हे, तिची गाय ही, एवढं सगळं कुणासाठी केलं? माझा आवाज चढला असावा, कारण तांबूने मान वर केली आणि घंटा वाजली, टक्क.

आई म्हणाली, "हितं काय ऐकू? वारा? तुझ्या कॅशेटीत गाड्या वाजायच्या. तू बोलायचास थंडगार खोलीचा, नि मागनं मोठमोठ्या गाड्या. मी म्हटलं, पोरगा रस्त्यावर राहतोय नि खोटा सांगतोय. मग मी खाली शेवंताकडं आले. तिथं पन गाड्या. डोळे मिटून बसला की तू पलीकडच्या खोलीत हायस असा वाटायचा."

म्हणजे तिला सुरुवातीपासून ऐकू येत होतं. मी गाडीचा आवाज झाकायला दार लावून, ब्लँकेट घेऊन बोलायचो, तरी.

मी तिला खाली सोडलं. शेवंताच्या मागच्या खोलीत ती पुढची काही वर्षं राहिली आणि तिथेच गेली, ट्रक आंबेनळी घाटाकडे वळतात त्या आवाजात. मी रोज संध्याकाळी कामावरून महाडहून यायचो. ती मला बस म्हणायची, आणि बरेचदा आम्ही नुसत्या गाड्या ऐकत बसायचो.

रोडेलला मी हे सगळं कळवलं. गोष्टीचा पुढचा भाग म्हणून घे, म्हटलं. त्याने नाही म्हटलं. त्यात तू घरी पोचतोस, म्हणाला. मी विचार केला तर मला नक्की सांगता आलं नाही की मी पोचलो का.

तो आता कॅनडात असतो. त्याच्या देशात मोबाइलवर कविता पाठवायचं वेड आलं आहे. त्यांचा जुना काव्यप्रकार आहे, चार ओळींचा, ओळीत सात अक्षरं, तो एका मेसेजात बरोबर बसतो. म्हातारी मंडळी कपाळाला हात लावतात, पोरं पाठवत सुटतात. कोणी गावच्या भुतांना मॉलमध्ये आणि कॉल सेंटरात नेऊन बसवलंय. कोणी स्वतः चित्रं काढून, झेरॉक्स करून कॉमिक्स विकतंय. रोडेल मला हे सगळं कळवत असतो आणि मधूनच चार ओळी पाठवतो, खाली इंग्रजी अर्थासह. परवाच्या चार ओळींचा अर्थ साधारण असा होता: इथे बर्फाला आवाज नाही, पारे, तुझी खिडकी उघड.

कुडपणातलं घर अजून आहे. कौलं शाबूत आहेत. मी जातो, एक दिवस राहतो, आणि दुसऱ्या दिवशी मला चैन पडत नाही. लग्नानंतर महाडला केलेल्या घरातही पडत नाही. तुम्ही जे गावात राहिलात ते मला म्हणता, परत आलास ते बरं केलंस. जे अजून तिकडे आहेत ते विचारतात, घरी बरं वाटतं ना? दोघांना मी हो म्हणतो. पण घर म्हटलं की मला ना ते डोंगरावरचं घर दिसतं ना हे. दिसत काहीच नाही. शेवंताच्या मागच्या खोलीत माझ्याविना बसलेली आई ऐकू येते, आणि ती जे ऐकत होती ते.

माझी मुलगी पुण्याला शिकते. तिचा फोन आला की ती सांगत असते, हॉस्टेल छान आहे, जेवण घरच्यासारखंच आहे. मी बोलत नाही. तिच्या मागे काय चाललंय ते ऐकत असतो. जरा वेळाने ती विचारते, बाबा, आहात ना?

मी म्हणतो, आहे. बोल तू. घाई नाही मला.