पाइप आधी तापवायची सवय

आमच्या समोरच्या फ्लॅटमधला गुरुनाथ सात वर्षं भूतानात वेल्डर होता. तिथल्या वीजप्रकल्पावर रीतसर परीक्षा पास झालेला. बायको स्मिता चंदीगडच्या आयटी पार्कात नोकरीला, म्हणून बिऱ्हाड इथे, चंदीगडजवळच्या खरड गावात. यंदा तो परतला तो इथून जवळच्या डेराबस्सीच्या औषध कारखान्यात लागायचंच, असं ठरवून. नोकरी मिळाली तर स्मिता आणि सहा वर्षांच्या मैत्रेयीजवळ राहणार. नाही मिळाली तर पुन्हा भूतान.

मला नसत्या चौकशा करायची खोड आहेच. "अरे, तिकडे पास झालास ना? मग इकडे पुन्हा परीक्षा कशाला?"

"कागद बघतात काकू, पण पाइप जोडून दाखव म्हणतात."

दाखवायला गेला आणि तोंड पाडून परत आला. भूतानात दोन-दोन बोटं जाड लोखंड आणि कडाक्याची थंडी. म्हणून जोड देण्याआधी ते गॅसच्या ज्योतीनं तापवायचं. इथे समोर आला स्टेनलेस स्टीलचा पातळ पाइप, आणि या बाबानं सवयीनं तोही तापवला. पाइप आतून काळा पडला. औषधाचा पाइप आतून चकचकीतच लागतो. परीक्षकानं "अगले सोमवार आओ जी" म्हणून वाटेला लावलं.

म्हणजे माणूस तोच, हात तोच, आणि नापास! मला काही चैन पडेना. दोन्ही देशांनी मिळून एकच परीक्षा का ठेवू नये? गुरुनाथला विचारलं तर म्हणाला, "ठेवावी की. फक्त कुठल्या लोखंडावर घेतली, तेही लिहावं."

आठवडाभर तो बाजारातल्या रेलिंगवाल्या सरदारजींच्या दुकानात पाइप जोडत बसला. भाजी आणताना मीही डोकावायची. त्याचा हात आधी गॅसकडे जायचाच. सरदारजी ओरडायचे, "ओए, चाह बणा रिहा ऐं?" म्हणजे चहा करतोयस का! मला हसू यायचं, आणि स्मिताचा उतरलेला चेहरा आठवून काळजीही वाटायची. परत ये म्हणून भूतानच्या ठेकेदाराचे फोन सुरूच होते.

सोमवारी तो पास झाला. जिन्यातूनच ओरडत आला. स्मिता रडायलाच लागली, मलाही भरून आलं. त्यानं मैत्रेयीला उचललं आणि सांगितलं, आता भूतान बंद, पप्पा रोज घरी.

ती विचारात पडली. मराठी कळतं तिला, पण बोलते हिंदीच. म्हणाली, "तो फिर वीडियो कॉल पे कौन आएगा?"

गुरुनाथ हसला. मग तिला तशीच कवटाळून पायरीवर बसला, आणि बराच वेळ त्याला उठवेना.