मुंजाजीला रडवणारा वकील

दिवाळीच्या तोंडावर वालूरच्या शिवारात सोयाबीन ओलं होतं, आणि ओलं सोयाबीन हडंब्याच्या घशात अडकतं. ट्रॅक्टरवर चालणारं हे मळणीयंत्र भगवानरावांचं. केवळाबाई त्यांच्या खळ्यावर रोजानं होती. हात आत जाऊ नये म्हणून यंत्राच्या तोंडावर लोखंडी पत्रा असतो. तो काढला की काम झपाट्यानं उरकतं. त्या सकाळी तो काढला गेला, आणि दुपारी एका पेंढीबरोबर केवळाबाईचा उजवा हात आत गेला.

रंगभूमीवर मी अनेकदा मेलो, कुंकवाच्या पाण्यात न्हालो आणि पडदा पडल्यावर उठून चहा प्यालो. इथं पडदा नव्हता. यंत्रानं तिला दंडापर्यंत ओढलं. हाडं काडासारखी मोडली आणि पलीकडच्या तोंडातून लाल भुसा उडाला. ट्रॅक्टर बंद केला तरी चाक आपल्या जोरात फिरतच राहिलं. ते थांबवायला तिनं डाव्या हातानं पट्टा धरला, तर त्या तळव्याचीही कातडी सोलून निघाली.

मी तिला लहानपणापासून ओळखतो. तिचा बाप आमच्या नाटक कंपनीचा तंबू ठोकायचा आणि ही पोर विंगेत गोणपाटावर झोपायची. राणीसावरगावच्या खेळात एक दारुडा रंगमंचावर चढला, तेव्हा झोपेतून उठून हिनं त्याच्या पोटरीला असा चावा घेतला की त्याची किंकाळी शेवटच्या रांगेपर्यंत गेली. आमच्या कुणाची तेवढी गेली नव्हती. काय दिवस होते ते!

दवाखान्यात हात कोपराच्या वरून कापावा लागला. ती शुद्धीवर येईपर्यंत भगवानरावांनी गावभर सांगून टाकलं होतं, की बाईनं आपल्याच मनानं पत्रा काढला, त्याला मालक काय करणार? तिचा नवरा मुंजाजी हे ऐकून कुऱ्हाड घेऊन निघाला. वाटेत बायकोला सांगावं म्हणून दवाखान्यात आला, तर तिनं खाटेवरूनच त्याच्या छातीत लाथ घातली.

"एक घाव घालून तुमी जलमभर जेलात बसाल," ती म्हणाली. "मला भाकर कोन थापून देईल? मला असा मानूस पाहिजे, जो तेला चारचौघांत हानील आन् घरी जाऊन जेवील."

असा माणूस म्हणजे वकील. तो निवडायला त्यांनी मला बरोबर घेतलं.

सेलूचे वकील गोड होते. त्यांनी चहा दिला आणि बजावलं, पत्रा कुणी काढला ते माहीतच नाही म्हणायचं, बाकी मी बघतो. परभणीच्या वकिलांनी तिच्या थोट्या हाताचा फोटो काढला, हळहळले आणि माझ्याकडे वळून म्हणाले, तुम्ही कलावंत आहात, बाईंना भरपाईच्या कोर्टात साहेबांसमोर नीट रडायला शिकवा. जिना उतरताना केवळाबाईनं मला विचारलं, हा माणूस भांडणार कधी? मग तिनंच नाव घेतलं. सिद्धोधन वाव्हळे.

मुंजाजी रस्त्यातच थांबला. मागं बांधाच्या भांडणात हेच वाव्हळे समोरच्या बाजूनं उभे होते. त्यांनी उलटतपासणीत मुंजाजीला असं सोललं होतं, की तो पिंजऱ्यात पोरासारखा रडला आणि बांधही गेला.

"तेच्या पायरीवर मी थुंकनार बी न्हाई," मुंजाजी म्हणाला.

"बाप मेला तवा तुमी रडला न्हाईत. तेनं तुमाला रडवलं. मला त्योच पाहिजे."

वाव्हळ्यांनी मुंजाजीला ओळखलं नाही. बसा म्हणायच्या आधीच त्यांनी विचारलं, पत्रा कुणी काढला? केवळाबाई सेलूत शिकवलेलं बोलली, माहीत नाही. वाव्हळ्यांनी टेबलावर मूठ आपटली. घशातला पत्रा निघाला आणि तिथंच उभ्या बाईला दिसला नाही? खोटं बोलता. दारू पिता का? नवरा पाजतो का? मग मुंजाजीनं टेबलावरून झेप घेतली आणि त्यांची गचांडी धरली. खुर्ची उलटली. केवळाबाई मध्ये घुसली आणि तिनं पट्टीतल्या थोट्या हातानंच नवऱ्याला भिंतीवर रेटलं. पांढऱ्या पट्टीवर लाल डाग पसरत गेला.

"पत्रा मीच काढला," ती म्हणाली. "पाना तेनं दिला. काढ म्हनला, न्हाईतर उद्यापून येऊ नको म्हनला."

वाव्हळ्यांनी कॉलर सारखी केली. "हे आधी सांगितलं असतं तर माझं बटण वाचलं असतं."

मग ते शांतपणे बोलले. कामगारानं आपल्या मर्जीनं पत्रा काढला असेल तर मालक सुटतो. त्याच्या हुकमानं काढला असेल तर सुटत नाही. तेव्हा ही गोष्ट आपणच आपल्या तोंडानं आधी सांगायची. लपवली तर समोरचा तिथंच घाव घालील. मी त्यांच्या बाजूला असतो तर तेच केलं असतं, वाव्हळे म्हणाले. केवळाबाईनं मुंजाजीकडे पाहिलं. तो बटण शोधत होता.

सुनावणीला खळ्यावरची एकही बाई साक्षीला आली नाही. केवळाबाईनं सगळं सांगितलं. भगवानराव म्हणाले, मी हुकूम दिला नाही, मला काही माहीत नाही. वाव्हळे उठले आणि पत्र्याचं नावही न घेता त्यांनी मालकीवर आसूड ओढायला सुरुवात केली. तुमच्या खळ्यावर रोजानं आलेल्या बायका तुम्हाला विचारत नाहीत का? तुमच्या वस्तूंना त्या वाटेल तसा हात लावतात? मग तुम्हाला मालक म्हणतात ते लाजेकाजेनं म्हणतात का? फटक्यामागं फटका. भगवानरावांच्या मानेच्या शिरा तट्ट फुगल्या.

"माझ्या सांगन्याबिगर माझ्या खळ्यावर खिळा बी हालत न्हाई!"

त्यांच्या वकिलानं डोळे मिटून घेतले. साहेबांनी ते वाक्य सावकाश, एकेक शब्द सुटा करत पुन्हा उच्चारलं आणि टायपिस्टनं ते टिपलं. आपलंच वाक्य दुसऱ्याच्या तोंडून ऐकताना माणूस कसा उघडा पडतो, हे मी नाटकात खूपदा पाहिलं आहे. भगवानरावांनी कठडा घट्ट धरला.

बाहेर आल्यावर मुंजाजीनं हळूच विचारलं, "त्या दिशी मी बी असाच दिसत व्हतो का गं?"

"न्हाई," केवळाबाई म्हणाली. "तुमचं नाक बी गळत व्हतं."

निकाल अजून लागायचा आहे. वालूरमध्ये मात्र बाईनं आपल्याच मनानं पत्रा काढल्याची ती गोष्ट भगवानराव आता कुणाला सांगत नाहीत.